‘किंग लिअर’मधले नोकर: काय कापावं आणि कशाला हात लावू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘किंग लिअर’ बसवायचं आहे, हाताशी १६ कलाकार आहेत आणि प्रयोग अडीच-पावणेतीन तासांत संपला पाहिजे. म्हाताऱ्या सरदार ग्लॉस्टरचे डोळे काढतात त्या प्रवेशातले नोकर, त्यानंतर भेटणारा म्हातारा, शेवटच्या अंकातला कप्तान ही किरकोळ माणसं गाळली तर काय बिघडेल? आणि ओस्वाल्ड हा लिअरच्या थोरल्या मुलीचा, गॉनरिलचा, चमचा म्हणून उभा केला तर पुरे का?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. नोकर कापू नका. वेळ वाचवायचा असेल तर चौथ्या अंकातला तिसरा प्रवेश पूर्ण काढा. १६२३ च्या फोलिओ प्रतीत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या छापील संग्रहात, तो नाहीच. वादळात विदूषक प्रेक्षकांकडे वळून जी भविष्यवाणी ऐकवतो ती काढा; १६०८ च्या क्वार्टोत, म्हणजे या एकाच नाटकाच्या लहान आकाराच्या छापील प्रतीत, ती नाही. फ्रान्सच्या सैन्याच्या बातम्या आणि कोणतं पत्र कुठून कुठे गेलं याची निवेदनं निम्म्यावर आणा. एवढ्यात बराच वेळ सुटतो. बिननावाच्या नोकरांचे सगळे संवाद गाळून मात्र चारदोन मिनिटंच हाती लागतात, आणि त्या बदल्यात नाटकाचा कणा जातो.

कणा म्हणतो, कारण हे नाटक बापलेकींचं जितकं आहे तितकंच चाकरीचं आहे. हुकूम झाला की ऐकणाऱ्यानं काय करायचं, हा प्रश्न पहिल्या प्रवेशात लिअरचा सरदार केंट विचारतो आणि हद्दपार होतो. मग तो वेष पालटून पुन्हा लिअरच्याच दारात येतो. तिथला सवालजवाब पाहा. काय हवं? चाकरी. कुणाची? तुमची. मला ओळखतोस? नाही, पण तुमच्या चेहऱ्यावर असं काही आहे की ज्याला धनी म्हणावंसं वाटतं. काय आहे ते? अधिकार. राज्य देऊन मोकळ्या झालेल्या म्हाताऱ्याला हा शब्द ऐकवला जातो आणि तिथून पुढे नाटकातला प्रत्येक नोकर याच प्रश्नाला आपापलं उत्तर देत जातो. ही उत्तरं एकमेकांशेजारी दिसली पाहिजेत. मधलं एक काढलं की उरलेली लंगडी होतात.

सगळ्यांत मोठं उत्तर सगळ्यांत छोट्या भूमिकेकडे आहे. तिसऱ्या अंकाच्या सातव्या प्रवेशात लिअरची मधली मुलगी रीगन, तिचा नवरा कॉर्नवॉल; या कॉर्नवॉलचा एक नोकर धन्यावर तलवार उपसतो. त्याला नाव नाही, संहितेत फक्त ‘पहिला नोकर’. संवाद आठ ओळींच्या आसपास. पण त्या वारानं कॉर्नवॉल मरतो. तो मेल्यामुळे रीगन विधवा होते आणि ग्लॉस्टरचा अनौरस मुलगा एडमंड याच्यावर उघड हक्क सांगू शकते. त्यावरून बहिणी एकमेकींच्या जिवावर उठतात, गॉनरिल तिला विष घालते आणि मग स्वतःला सुरा मारून घेते. आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. कॉर्नवॉल नाही म्हणून त्याच्या बाजूचं सैन्य एडमंडच्या हाती येतं, आणि म्हणूनच लिअर व त्याची धाकटी मुलगी कॉर्डेलिया कैद झाल्यावर त्यांचं काय करायचं हे तो ठरवू शकतो. म्हणजे नाटकातल्या सर्वांत धाडसी माणुसकीची एक वाट कॉर्डेलियाच्या फासापर्यंत जाते. शेक्सपिअर त्या नोकराला बक्षीस देत नाही, त्याच्या कृत्याला गोड फळही लावत नाही. तरी ते कृत्य घडतं, आणि त्याचं वजन त्यातच आहे.

त्या काळच्या प्रेक्षकाला हे किती हादरवणारं होतं ते कळण्यासाठी एक कायदा माहीत हवा. १३५१ च्या इंग्रजी राजद्रोह कायद्यात नोकरानं धन्याला मारणं हा साधा खून धरलेला नव्हता. तो ‘छोटा राजद्रोह’ होता, बायकोनं नवऱ्याला मारण्याच्या जोडीचा. ही तरतूद १८२८ पर्यंत टिकली. आणि हे नाटक २६ डिसेंबर १६०६ ला व्हाइटहॉलच्या राजवाड्यात खुद्द पहिल्या जेम्ससमोर झालं. करणारे नटही नोकरच होते: १६०३ पासून त्यांची मंडळी ‘राजाची माणसं’ म्हणून ओळखली जात होती, आणि १६०४ च्या राज्यारोहणाच्या मिरवणुकीसाठी त्यांना राजाच्या चाकरीचा गणवेश म्हणून प्रत्येकी साडेचार वार लाल कापड मिळालं होतं. राजाचा गणवेश घालणारा माणूस राजासमोर उभा राहून धन्यावर तलवार उपसणाऱ्या नोकराचं काम करतो. आठ ओळींची भूमिका ‘कुणालाही द्या’ म्हणून टाकून देण्यासारखी का नाही, हे यावरून दिसावं.

आता तो प्रवेश प्रत्यक्ष कसा बसवायचा. सुरुवातीलाच कॉर्नवॉल म्हणतो की न्यायाचा देखावा केल्याशिवाय ग्लॉस्टरचा जीव घेता येणार नाही, पण आपला राग आपण भागवू. लोक फार तर नावं ठेवतील, अडवू शकणार नाहीत. हे वाक्य काही झालं तरी ठेवा, आणि ते म्हणताना नोकर रंगमंचावर राहतील अशी रचना करता आली तर उत्तम. अडवणारा तिथेच उभा आहे, हे प्रेक्षकाला नंतर आठवलं पाहिजे.

मग हुकूम सुटतात: याचे वाळकुडे हात बांधा, खुर्चीला बांधा, आणि पहिला डोळा काढण्याच्या क्षणी ‘गड्यांनो, खुर्ची धरून ठेवा’. इथे बहुतेक तालमींत चूक होते. पहिला नोकर बाजूला, भिंतीशी, कळवळलेला चेहरा करून उभा केला जातो. तसं करू नका. तो खुर्ची धरणाऱ्यांपैकीच असला पाहिजे. एक डोळा जातो तो त्याच्या हातांच्या मदतीनं. त्यानंतर त्याला जे होतं ते दया वाटण्याच्या फार पुढचं आहे. आपण काय धरून ठेवलंय ते त्याला कळतं. आधीपासून हळहळणारा नोकर प्रेक्षकाला सावध करतो आणि बंड अपेक्षित होऊन बसतं. पहिल्या डोळ्यापर्यंत त्याचा चेहरा इतर नोकरांसारखाच कोरा हवा.

त्याची एन्ट्री वाक्य तोडून आहे. रीगन म्हणते, एक बाजू दुसरीला हसेल, तोही काढा. कॉर्नवॉल ग्लॉस्टरला हिणवायला तोंड उघडतो, ‘सूड जर तुला दिसला...’ आणि वाक्य अर्धं असतानाच नोकर बोलतो. म्हणून कॉर्नवॉल करणाऱ्या नटानं वाक्य पूर्ण म्हणण्याच्या बेतानंच सुरू करायचं. तो आधीच थांबला तर नोकराला जागा करून दिल्यासारखं दिसतं आणि सगळी हवा जाते. ही अडवणूक निदान वीस-पंचवीस वेळा नुसती तोंडी घोटून घ्या, तलवारी मागाहून.

खुर्ची जड, हातांची, मागचे पाय पसरट असलेली घ्या. डोळ्यावर पाय ठेवीन असं कॉर्नवॉल म्हणतो, त्यामुळे पुष्कळ प्रयोगांत खुर्ची मागे कलंडवतात. कलंडवणार असाल तर मागे दोघं लागतात, आणि पहिला नोकर त्यातला एक असेल तर तो हात सोडतो तेव्हा उरलेल्या एकावर ग्लॉस्टरचं पूर्ण वजन येतं. खुर्ची घसरते ती इथेच. उपाय साधा आहे: पहिला डोळा झाला की खुर्ची सरळ करायची, मग संवाद. किंवा खुर्ची प्रेक्षकांकडे पाठ करून ठेवायची आणि कलंडवायचीच नाही. रक्तासाठी साखरेच्या घट्ट पाकात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको चालतो. स्पंजचा तुकडा कॉर्नवॉलच्या तळव्यात आधीपासून हवा. डोळा म्हणून सोललेली लिची वापरतात, पण ती जमिनीवर राहिली तर पुढच्या झटापटीत पाय घसरतो. कॉर्नवॉलनं ती मुठीतच ठेवावी.

लढत छोटी ठेवा. दोन, फार तर तीन वार. इथे तलवारबाजीचं कौशल्य दाखवायचं नाही. नोकराला बहुधा नीट लढताही येत नाही. पण कॉर्नवॉलला झालेली जखम स्पष्ट दिसली पाहिजे, कुशीत किंवा पोटात, आणि त्याचा हात तिथून सुटता कामा नये. जखम दिसली नाही तर पुढच्या अंकात कॉर्नवॉल मेल्याची बातमी येते तेव्हा प्रेक्षक गोंधळतो. प्रवेशाच्या शेवटी रक्त फार वाहतंय असं तो रीगनला सांगतो. ते वाक्य वेदनेचं आहे, त्याहून जास्त अचंब्याचं आहे: आपल्यालाही लागतं, हे त्याला नवीन आहे.

मग रीगनचं वाक्य येतं, ‘दे तुझी तलवार. कुणबट असा उभा राहतो?’ आणि ती पाठीमागून वार करते. तलवार कुणाची? संहितेत स्पष्ट सांगितलेलं नाही. माझ्या मते ती तिसऱ्या नोकराच्या कमरेची असावी, आणि तो ती देतो की ती हिसकावून घेते हे दिग्दर्शकानं ठरवलंच पाहिजे. देत असेल तर त्याच्या हातानं त्याचा सोबती मरतो, आणि दोन मिनिटांनी हाच माणूस ग्लॉस्टरच्या जखमांवर लावायला अंड्याचं पांढरं आणायला धावतो. भूमिकेला वाक्यं दोन-तीनच, पण नटाला एवढं दिलं तर तो तालमीला वेळेवर येतो.

मरणाऱ्या नोकराचं शेवटचं वाक्य ग्लॉस्टरला उद्देशून आहे: सरकार, तुम्हाला अजून एक डोळा आहे, याला काय भोगावं लागतंय ते बघाल. हा दिलासा आहे, पण त्यामुळेच कॉर्नवॉलला दुसऱ्या डोळ्याची आठवण होते. म्हणून ते वाक्य ग्लॉस्टरकडे बघून, जवळ सरकत, हळू म्हणायचं. आणि कॉर्नवॉलनं ते ऐकलेलं प्रेक्षकाला दिसायचं.

मराठीत करताना संबोधनांवर फार बारकाईनं काम करा. इंग्रजीत हा नोकर शेवटपर्यंत धन्याला, रीगनला आणि ग्लॉस्टरला आदरार्थीच बोलतो. तलवार उपसतानाही तो एकेरीवर उतरत नाही. ‘धनी, हात आवरा. लहानपणापासून तुमची चाकरी केली. पण आत्ता तुम्हाला थांबा म्हणतोय याच्याइतकी चांगली चाकरी कधी केली नव्हती.’ इथे ‘तुम्ही’ टिकलं पाहिजे. रूपांतर करणाऱ्यांचा हात आवेशात ‘थांब नराधमा’कडे जातो आणि पात्र मरतं. तो धन्याविरुद्ध बंड करत नाहीये; धन्याची चाकरीच करतोय, स्वतःच्या समजुतीप्रमाणे. ‘सेवा’ शब्दापेक्षा ‘चाकरी’ बरा, कारण सेवेला देवळाचा वास येतो.

तसेच तीन शब्द आधीच पक्के करून नाटकभर तेच वापरा. उकिरडा, कुणबट, गुलाम. कॉर्नवॉल मेलेल्या नोकराला उकिरड्यावर फेकायला सांगतो. पुढे ओस्वाल्ड शेतकऱ्याच्या सोंगातल्या एडगरला, ग्लॉस्टरच्या औरस मुलाला, ‘हट, उकिरड्या’ म्हणतो. रीगन नोकराला कुणबट म्हणते, ओस्वाल्डही एडगरला तेच म्हणतो. गुलाम हा शब्द कॉर्नवॉल नोकरासाठी वापरतो, मरताना ओस्वाल्ड एडगरसाठी वापरतो, आणि अगदी शेवटी लिअर कॉर्डेलियाला फास देणाऱ्यासाठी वापरतो. अनुवादात दर वेळी नवा शब्द घातला की ही साखळी तुटते. विंदा करंदीकरांचा १९७४ चा ‘राजा लिअर’ हाताशी असेल तर या जागा त्यात कशा आल्या आहेत ते शेजारी मूळ ठेवून वाचा. तुमची संहिता वेगळी असली तरी कान तयार होतो.

कॉर्नवॉल-रीगन गेल्यावर उरलेल्या दोन नोकरांचा छोटा संवाद फक्त क्वार्टोत आहे. या माणसाचं, म्हणजे कॉर्नवॉलचं, भलं होणार असेल तर मी कसलंही पाप करायला मोकळा, असं एक म्हणतो. ही बाई, रीगन, म्हातारपणानं सुखात मेली तर बायका राक्षसिणी होतील, असं दुसरा. मग म्हाताऱ्या सरदाराच्या मागे जायचं, वाट दाखवायला त्या वेड्या भिकाऱ्याला (तो वेषांतरातला एडगर) गाठायचं, आणि जखमांना लावायला जवसाचा ताग व अंड्याचं पांढरं आणायचं ठरतं. इथला ताग म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा, त्याचा बोळा. मराठीत सरळ ‘जवस’ लिहिलं की नट बी समजून वाटी घेऊन येतो. ‘सुताचा बोळा’ म्हणा, प्रश्न मिटतो.

हा संवाद फोलिओत नाही, त्यामुळे ठेवावा की नाही यावर मतभेद आहेत. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकनं १९६२ च्या प्रयोगात, पॉल स्कोफिल्डच्या लिअरसह, तो जाणूनबुजून गाळला होता. आंधळा ग्लॉस्टर रंगमंच आवरणाऱ्या नोकरांमधून चाचपडत जातो आणि तो अजून आत पोचला नसतानाच प्रेक्षागृहातले दिवे लागतात. प्रेक्षकाला धीर मिळूच नये हा हेतू होता, आणि तो त्या प्रयोगाच्या एकूण घडणीशी जुळणारा होता. पण नुसतं ‘ब्रूकनंही कापलं’ म्हणून कापू नका. कापायचं तर त्या जागी काय घडतं याचं उत्तर तयार हवं. माझा कल ठेवण्याकडे आहे. तो धीर फसवा नाही: नोकर काहीच थांबवू शकलेले नाहीत, फक्त बोळा आणतायत.

एक व्यावहारिक अडचण मात्र आहे. ग्लॉस्टरला दरवाजाबाहेर ढकलायचं, प्रेत हलवायचं आणि दोघांनी मागे थांबून बोलायचं, हे तीन नोकरांत होत नाही, कारण एक मेलेला आहे. चार लागतात. चौथा ग्लॉस्टरला घेऊन जातो आणि परतत नाही. उरलेले दोघं बोलत बोलत प्रेत उचलतात. उकिरड्यावर फेकायचा हुकूम आहे. ते कसं उचलतात यावर त्या संवादाचा अर्थ ठरतो. एकानं बगलेत हात घालून, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली धरून, डोकं लोंबू न देता. दहा-बारा पावलांच्या पुढे नेऊ नका, वजनानं दम लागतो आणि वाक्यं तुटतात.

आता ओस्वाल्ड. छापील जुन्या प्रतींत त्याच्या संवादांपुढे ‘कारभारी’ असंच असतं. त्याला लाळघोट्या, बायकी, हसण्याजोगा करण्याची जुनी खोड आहे, आणि केंट त्याला शिव्यांची जी माळ घालतो तिच्यामुळे नट वाहवत जातात. पण ती केंटची नजर झाली. ओस्वाल्डच्या वागण्याकडे पाहा. तो लिअरचा अपमान करतो तो मालकिणीच्या स्पष्ट हुकमानं. आदल्याच प्रवेशात ती सांगते, वाटेल तेवढी टंगळमंगळ करा. लिअर विचारतो मी कोण, तो म्हणतो ‘माझ्या बाईसाहेबांचे वडील’. उत्तर खरं आहे, म्हणूनच झोंबतं. हे वाक्य छद्मी हसू आणून म्हणू नये. दप्तरातली नोंद वाचल्यासारखं सपाट म्हणावं. चौथ्या अंकात रीगन लालूच दाखवून पत्र फोडू दे म्हणते, तो देत नाही. आणि एडगरच्या हातून मरताना त्याची शेवटची धडपड पत्र एडमंडला पोचावं ही आहे. इंग्रज समीक्षक डॉ. जॉन्सननं अठराव्या शतकात याच गोष्टीवर नवल केलं होतं: पापाच्या या निव्वळ हस्तकाला नाटककारानं एवढी निष्ठा का दिली?

मला वाटतं ती निष्ठा हेच त्या पात्राचं कारण आहे. पहिला नोकर आज्ञा मोडतो, ओस्वाल्ड मरेपर्यंत पाळतो, आणि दोघांच्या मरणानं नाटक वळतं. मरताना त्यानं सोपवलेलं पत्र एडगरला मिळतं, त्यातला गॉनरिलच्या नवऱ्याच्या, ऑल्बनीच्या, खुनाचा बेत उघडा पडतो, आणि गॉनरिल तिथेच अडकते. तिचा सर्वांत इमानी माणूस तिला बुडवतो, इमान राखल्यामुळेच. एडगर त्याला ओळखून जे म्हणतो त्याचा आशय असा: कामाला पक्का बदमाश, मालकिणीच्या दुर्गुणांची मर्जी राखण्यात तत्पर. म्हणून वेशभूषा टापटीप, चाल घाईची, आवाज कधी न चढणारा. आंधळ्या ग्लॉस्टरवर तो धावून जातो तेव्हाही चेहऱ्यावर क्रौर्य नको. इनाम लागलेलं आहे आणि ते समोर चालून आलं, एवढाच आनंद. माणूस त्यामुळेच जास्त भयंकर वाटतो.

लिअरच्या सरदारांबद्दल थोडंच. पहिल्या अंकात एक सरदार अदबीनं सांगतो की महाराजांची पूर्वीसारखी बडदास्त राहिलेली नाही. ते वाक्य ठेवा, बाकी त्यांचा गोंगाट विंगेतून पुरतो. पण लवाजम्याचे आकडे नीट ऐकू आले पाहिजेत: १००, मग ५०, २५, मग दहा, पाच, आणि शेवटी रीगनचं ‘एक तरी कशाला?’ राजाची उंची इथे चाकरांच्या संख्येनं मोजली जाते आहे. गॉनरिल-रीगननी हे आकडे वाण्याच्या हिशेबाच्या थंडपणानं म्हणावेत.

चौथ्या अंकाच्या सुरुवातीचा म्हातारा हे कूळ आहे; मराठीला यासाठी इतका नेमका शब्द आहे की इंग्रजीनं हेवा करावा. ८० वर्षं तो ग्लॉस्टरच्या आणि त्याच्या बापाच्या जमिनीवर राबलेला. आंधळ्याला धरून आणणं गुन्हा ठरू शकतो हे ठाऊक असून तो येतो, आणि नागड्या वेड्यासाठी घरातले सर्वांत चांगले कपडे आणीन म्हणतो. पण खरी जागा ग्लॉस्टरच्या तोंडी आहे. तो हुकूम करतो, ‘सांगतो तसं कर’, आणि तिथेच थांबून दुरुस्त करतो, ‘किंवा तुला वाटेल ते कर’. जन्मभर हुकूम सोडलेल्या माणसाला हुकूम करण्याची लाज वाटते. या दोन तुकड्यांत श्वासाएवढी जागा सोडा. घाईत हे वाक्य हमखास वाया जातं. १९७० च्या ‘नटसम्राट’मध्ये शिरवाडकरांनी लिअरचा सांगाडा मध्यमवर्गीय घरात आणला तेव्हा राज्य गेलं, सैन्य गेलं, हुकूम गेले, पण सगळं हरलेल्या म्हाताऱ्याला आसरा देणारं हातावर पोट असलेलं माणूस त्यांनी ठेवलं, बूटपॉलिश करणारा राजा. काय गाळता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

१६ जणांची वाटणी अशी जमते. लिअर, तीन मुली, ग्लॉस्टर, त्याचे दोन मुलगे, केंट, विदूषक, ऑल्बनी, कॉर्नवॉल, ओस्वाल्ड हे १२. उरलेले चार महत्त्वाचे. फ्रान्सचा राजा पहिल्या प्रवेशानंतर परत येत नाही. त्याच नटाला पहिला नोकर द्या. हुंड्याशिवाय कॉर्डेलियाला स्वीकारणारा आणि हात आवरा म्हणणारा एकच चेहरा असला तर प्रेक्षकाच्या मनात ते नकळत जुळतं. कॉर्डेलियाला मागणी घालणारा दुसरा, बर्गंडी, हुंडा नाही म्हटल्यावर मागे सरतो. त्या नटाला ग्लॉस्टरला बाहेर ढकलणारा चौथा नोकर आणि पुढे कप्तान द्या. लिअरचा सरदार दुसरा नोकर होतो, क्युरन या छोट्या पात्राचं काम करणारा तिसरा नोकर आणि पुढे वैद्य. विदूषक तिसऱ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशानंतर दिसत नाही, त्याला कूळ करता येतं. मधला प्रवेश त्याच्या रंगभूषेला पुरतो. एडगर आणि ऑल्बनी यांना नोकरांत घेऊ नका, दोघंही लगेच पुढे लागतात.

कप्तानाची भूमिका काही वाक्यांची. एडमंड त्याला कागद देतो, एक पायरी वर चढवलंय म्हणतो, हे काम केलंस तर नशीब काढशील, आणि माणसानं काळाप्रमाणे वागावं. क्वार्टोत कप्तानाचं उत्तर आहे: गाडी ओढता येत नाही मला, वाळके ओट खाता येत नाहीत, माणसाचं काम असेल तर करीन. फोलिओत हे नाही, तरी ठेवाच. कॉर्नवॉलच्या नोकराला जो प्रश्न पडला तो याला पडतच नाही. माणसाचं काम कोणतं, हे तो कागद देणाऱ्यावर सोडतो. नटानं खलनायकी छटा आणू नये; पोट भरणारा, कामसू माणूस. कागद रंगमंचावर उलगडून वाचायला लावू नका, म्हणजे आत काय आहे ते त्यानं विचारलंच नाही हे दिसेल.

शेवटची जागा बटणाची. कॉर्डेलियाचं प्रेत घेऊन बसलेला लिअर म्हणतो, हे बटण जरा काढता का. आणि मग, आभारी आहे. कोण काढतं ते संहितेत नाही. बहुतेक प्रयोगांत केंट किंवा एडगर पुढे होतो आणि तेही चालतं. पण पहिल्या अंकात याच लिअरनं वेषांतरातल्या केंटला चाकरीबद्दल शाबासकी दिली ती ‘गड्या’ म्हणून, एकेरीत, हातावर नाणं ठेवून. वादळात कपडे फाडताना त्यानं बटणं काढा असा हुकूमच केला होता. इथे तो विनंती करतो, आणि इंग्रजीत शब्द आदराचा आहे, बरोबरीच्या माणसाला वापरतात तो. मराठीत ‘काढ रे’ लिहिलंत तर हे सगळं जाईल. ‘काढता का’ लिहा, आणि बटण काढायला मागे उभ्या असलेल्या, नाव नसलेल्या शिपायाला पुढे येऊ द्या. त्याच्या बोटांना ते पहिल्या झटक्यात निघू नये, एवढी काजाची भोकं शिंप्याकडून घट्ट करून घ्या.